तोंड न पाहता

सकाळी सहाला छिंगताओच्या किनाऱ्यावर
आम्ही पाण्यात उतरतो, तोंडं झाकून.
झाकून म्हणजे रुमालाने नव्हे.
डोक्यातून ओढायची, गळ्यापर्यंत येणारी टोपी,
डोळ्यांना दोन भोकं, नाकाला एक, ओठांना एक.
माझी केशरी. मुलाच्या जुन्या पोहायच्या चड्डीतून बेतलेली,
त्याला सांगू नका.

यूचेनची हिरवी, काळे पट्टे मारलेली.
तिला वाटतं वाघ.
आम्हाला कलिंगड.

ऊन लागू नये, हे पहिलं कारण.
आई म्हणायची, रापलीस तर लोक म्हणतील
भुईमुगाच्या रानातून आली.
रानातूनच आलो होतो, पण ते सांगायचं नसे.
दुसरं कारण जेलीफिश. मागच्या वर्षी एक गालाला चाटून गेला,
यूचेन आठ दिवस एकाच बाजूने जेवत होती.
तिसरं कारण कुणी विचारत नाही.

परवा शांघायहून एक मुलगी आली.
तिची पांढरीशुभ्र, कपाळावर कंपनीची चिमुकली खूण,
किंमत ऐकून यूचेनने गटांगळी खाल्ली.
मुलगी म्हणाली, याला फेसकिनी म्हणतात, काकू,
तुम्ही फॅशन आहात, माहितेय?
चौसष्ट वर्षांत मला पुष्कळ काही म्हटलं गेलं,
दुसऱ्या पाळीची कातणारीण, जादा कामगार, शिंपलेवाली.
फॅशन पहिल्यांदाच.
तिने फोटोसाठी ओळीने उभं केलं. हसा, म्हणाली.
हसलो. कुणाला दिसणार होतं.

जांभळी जूनमध्ये आली.
नाव विचारलं नाही, इथे रंगानेच हाक मारतात.
गळाभर पाण्यात उभ्या राहून
आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो,
शिंपल्यांच्या भावाबद्दल,
कॅनडातल्या तिच्या लेकीबद्दल, जी फोनवर कायम घाईत.
समुद्राकाठी जन्म काढला, मला तरंगता येत नव्हतं.
ती शिकवायची. मानेखाली तिचा हात.
सोड अंग, म्हणायची, मी आहे ना.

ऑगस्ट संपताना वाळूवर बसलो.
यूचेनने बिअर आणली, प्लॅस्टिकच्या पिशवीत,
इथे ती वजनावर मिळते. स्ट्रॉ दोनच.
जांभळीने पीच काढला. पिकलेला, भोकातून खाता येईना.
तिने टोपी कपाळावर सरकवली.

लुआन फंगच्येन.
सहा नंबरची गिरणी, कताई खातं, पाळीची मुकादम.
अठ्ठ्याण्णव साली स्टुलावर उभी राहून
जिने यादी वाचली. तिसरं नाव माझं.
पहिल्या दोन नावांना तिचा आवाज अडखळला होता.
माझ्या नाही.

तेव्हा सगळ्या खात्यासमोर मी म्हणाले होते,
तुझं तोंड पुन्हा पाहणार नाही.
शब्द पाळला. ती बाजारात दिसली की गल्ली बदलली,
सव्वीस वर्षं.
या उन्हाळ्यातही पाळलाच की, हिशेबाने.

रस हनुवटीवरून ओघळत होता.
डोळ्यांभोवती, ओठांभोवती रापलेली वर्तुळं,
बाकी चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा.
आणि म्हातारा. मी तो म्हातारा होऊ दिलाच नव्हता.
तिने मला ओळखलं नाही, मी अजून केशरीच होते.
की जूनपासूनच ओळखलं होतं?
मानेखालचा तो हात आठवून पाहिला.
हात काही सांगेना.

गप्प का झालीस, यूचेन म्हणाली.
अर्धा पीच माझ्यापुढे धरलेला.
खायचा तर मलाही तोंड उघडं करावं लागणार.

ऊन वर आलंय, मी म्हटलं, ओढ खाली, रापशील.

तिने ओढली.
पीच मात्र मी घेतला,
आणि घरापर्यंत तसाच हातात धरून चालले,
बोटं चिकट,
मागे माश्या.